आमची यमूआत्या आणि तिचा हयातीचा दाखला

मिरजमावशी

लिहू की नको करत दोन महिने गेले. आज शेवटी यमूआत्यानंच ढोसलं, "अगं लिही की, मी गेल्यावर लिहिणार का?" म्हणून बसले.

यमूआत्या म्हणजे माझी बाहुली. कमरेपर्यंतच आहे, त्याखाली माझा हात. डोकं भोपळ्याचं, अंगात सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा, नाकात खोटी नथ आणि डावी भुवई उजवीपेक्षा वर चढलेली. भुवई मुद्दाम तशी काढलेली नाही. रंगवताना माझा हात हलला. पण त्या हलण्यानं बाईला जो स्वभाव आला तो मला ठरवून जमला नसता. कुणीही काहीही बोललं तरी ही "असं होय?" म्हणून बघतेय असंच वाटतं.

भोपळ्याचं सांगते. आमच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांचं काम चालतं हे बहुतेकांना माहीत असेल. त्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. त्यात एखादा वाढ खुंटलेला, मोसंबीएवढाच राहिलेला असतो. गल्लीतल्या एका कारागिरानं असे दोन-चार काढून दिले. म्हणाले, "मावशी, यातनं सूर निघायचा नाही, तुमची बाहुली बोलती का बघा." वाळलेला भोपळा हातात घेऊन बघा एकदा, वजनच लागत नाही. आमच्या वयाच्या खांद्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते पुढे येईलच.

आम्ही अकरा जण आहोत. सर्वात धाकटी एकसष्ट वर्षांची, सर्वात थोरले त्र्याऐंशी. मुळात आमची भिशी. त्यातल्या एकीचं मनगट मोडलं आणि प्लास्टर निघाल्यावर स्पंजचा चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला. तिला त्याचा इतका कंटाळा आला की तिनं चेंडूवर नवऱ्याचा पायमोजा चढवला, दोन बटणं टाचली आणि भिशीत येऊन त्या मोज्याच्या तोंडून नवऱ्याची नक्कल केली. नवरा समोरच बसलेला! पण सगळ्यात जास्त तोच हसला. पुढच्या भिशीला चौघी मोजे घेऊन आल्या.

मोज्यावरून कागदाच्या लगद्यावर गेलो. लहानपणी घरात आई-आजी कागद आणि मेथी कुटून टोपल्या करायच्या ते कुणाला आठवतंय का? तेच. वर्तमानपत्राचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवायचे, घट्ट पिळायचे, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या आणि चांगलं मळायचं. मेथीनं चिकटपणाही येतो आणि कीडही लागत नाही. (खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष असतं. घरात नातवंडं असतील तर त्या वाटेला जाऊ नका.) आठवडाभर घरात मेथीच्या लाडवांसारखा वास येतो आणि येणारा प्रत्येक जण "कुणाकडे बाळंतीण आहे?" विचारतो.

आता नाटक. मी पोस्टात काउंटरला छत्तीस वर्षं काढली. नोटा मोजून, शिक्के मारून बोटांच्या रेषा पार गेल्या. नोव्हेंबर आला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला आणि दर नोव्हेंबरात माझा अंगठा त्या यंत्राला पटत नाही. एका वर्षी एका बँकेत (नाव नको) पाच वेळा अंगठा लावला, हात धुऊन लावला, क्रीम चोळून लावला. काउंटरवरचा मुलगा बिचारा चांगला होता. म्हणाला, "आजी, सिस्टीम तुम्हाला ओळखत नाही." मी म्हटलं, बाळा, तू तर बघतोयस ना मला. तो म्हणाला, "माझ्या बघण्यानं होत नाही."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. बाकीचं यमूआत्यानं केलं.

आमचा खेळ अठरा मिनिटांचा. यमूआत्या बँकेत जाते. क्लार्क अंगठा लावायला सांगतो. ती म्हणते, "मला कुठली रे बोटं, आत आहेत ती माझ्या मालकिणीची." यंत्र नाही म्हणतं. मग ही थेट यमाकडे जाते, नावबंधू म्हणून. यम वही चाळतो, हिचं नाव त्यात नसतं, आणि तो लेखी देतो की सदर बाई आमच्याकडे अद्याप आलेल्या नाहीत. तो कागद घेऊन ही बँकेत परत. क्लार्क उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "शिक्का चौकोनी आहे. गोल लागतो."

रेडा जुन्या छत्रीच्या कापडाचा आहे. छत्रीच्या काड्या त्याच्या शिंगांना लागल्या.

पहिला प्रयोग एका सोसायटीच्या गणपतीत. साठेक माणसं. यमूआत्या तावातावानं मान हलवत होती आणि तिचं डोकं उडालं. खरंच उडालं. पहिल्या रांगेत बसलेल्या एका बाईंच्या ओटीत पडलं. वर राहिलं काय, तर नऊवारीतून बाहेर आलेलं माझं उघडं बोट. मी आतून गोठले. माझ्या शेजारी क्लार्क चालवणारे आमचे थोरले, त्र्याऐंशीचे, एक क्षण थांबले आणि क्लार्कच्या आवाजात म्हणाले, "आजी, मृत्यूचा दाखला पलीकडच्या काउंटरला."

तो हशा मी जन्मात विसरणार नाही. पाठीवर वाऱ्यासारखा आला.

मग शोध घेतला तेव्हा कळलं की मानेच्या नळीला खाली कड ठेवायची असते, पोलक्याचा दोरा त्या कडेच्या वर आवळायचा, म्हणजे कापड आणि डोकं एकमेकांना सोडत नाहीत. इतकी साधी गोष्ट. अजून एक चूक म्हणजे मी चेहऱ्याला चकचकीत वॉर्निश मारलं होतं. दिवा पडला की नाक-डोळे सगळे गायब. आता पोस्टर कलर, वर काही नाही. आणि बाहुलीची नजर किंचित खाली रंगवायची, कारण बघणारे खाली बसलेले असतात. सरळ बघणारी बाहुली पंख्याशी बोलतेय असं दिसतं.

विचारायचंय ते असं: (१) बारा मिनिटांनंतर माझा खांदा भरून येतो. कुणाला काही युक्ती माहीत आहे का? (२) जबडा हलणारं डोकं करावं का? (३) तुमच्या आसपास आमच्या वयाचं कुणी हे करतंय का?

आणि कृपा करून "वा, वेळ छान जातो" असं लिहू नका. वेळ जायला आमच्याकडे टीव्ही आहे.

---

चिंचोका

मृत्यूचा दाखला पलीकडच्या काउंटरला!! हसून हसून पुरेवाट. ऑफिसात बसून वाचत होतो, बॉस येऊन विचारून गेला.

---

पोळपाट

मावशी, वाचनखूण साठवली. माझ्या आईला दाखवलं. ती म्हणाली मेथ्या भिजवून वाटायच्या नाहीत, कोरड्या दळून पूड करून घालायच्या, नाहीतर पावसाळ्यात बुरा येतो. मिरज आणि दापोलीत फरक असणारच. आता आमच्या घरात सगळे जुने पेपर बादलीत आहेत आणि बाबांना शब्दकोडं मिळत नाहीये.

---

सांधेमित्र

फिजिओ आहे म्हणून लिहितो. हातमोजा बाहुलीत तर्जनी मानेत, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात अशी पकड असते. बोटांचे सांधे धरलेले असतील तर ही पकड फार त्रासाची, कारण तर्जनी सतत ताठ लागते. मानेची नळी तुमच्या बोटापेक्षा सैल करा आणि आत स्पंज लावा, म्हणजे बोट जरा वाकलेलं चालतं. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी काठीची बाहुली. काठी बारीक घेऊ नका. लाटण्याएवढी जाड घ्या किंवा सायकलच्या हँडलचं रबरी कव्हर चढवा. मूठ जितकी कमी आवळावी लागेल तितकं बरं.

खांद्यासाठी खरी युक्ती म्हणजे उभं राहून हात डोक्यावर न नेणं. खुर्चीत बसा, पडद्याची उंची त्या मानानं कमी करा आणि पडद्यामागे कोपराच्या उंचीला एक फळी ठोका. कोपर टेकलं की खांद्याचं काम निम्म्यावर येतं. फ्रोझन शोल्डर झालेल्यांनी हात वर ताणायचा हट्ट करू नये. दुखलं की थांबायचं, "जरा सहन करते" हे बायकांचं पेटंट वाक्य इथे नको.

---

मिरजमावशी

@सांधेमित्र, फळीचं आजच सुताराला सांगितलं. लाटण्याचंही पटलं. आमच्यातल्या एकीनं ताबडतोब घरचं लाटणं आणलंय, आता सूनबाईला कसं सांगायचं यावर चर्चा चालू आहे.

@पोळपाट, आईंना नमस्कार सांगा. पुढच्या घाण्याला पूड करून बघते.

---

रोखठोक_राव

उपक्रम चांगला आहे, कौतुकच आहे. पण स्पष्ट बोलतो. बाहुल्यांचा खेळ हे मुलांपर्यंत पोचायचं माध्यम. तुमच्याकडे वय आहे, अनुभव आहे. पंचतंत्र, शिवाजी महाराज, पाणी वाचवा, मोबाइलचा अतिवापर, किती विषय आहेत. त्याऐवजी बँक आणि यम? मुलांनी यातून काय घ्यायचं?

---

मिरजमावशी

रोखठोक, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, हे मला लिहायचंच होतं.

एका शाळेनं बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला, मोबाइलचे दुष्परिणाम. आम्ही इमानदारीत पंधरा मिनिटांचं बसवलं. एक बाहुली मोबाइल बघते, एक आजी-बाहुली समजावते, शेवटी सगळे मैदानात. मुलं पाचव्या मिनिटाला चुळबुळ करायला लागली आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. आजीनं समजावायचं, मुलानं ऐकायचं, हे त्यांना घरीच मिळतं, त्यासाठी पडदा कशाला? उरलेल्या वेळात आम्ही यमूआत्या काढली. चौथीतली पोरं "शिक्का गोल लागतो"ला अशी किंचाळली की विचारू नका. त्यांनाही रोज कुठल्या ना कुठल्या वहीवर कुठला ना कुठला शिक्का कमी पडत असतो! नंतर बाई म्हणाल्या, "छान झालं, पण यम मुलांसमोर नको होता." यमाच्या दारी गेलेल्या नचिकेताचं काय करायचं मग?

आम्ही साठ-सत्तर वर्षं दुसऱ्यांना समजावण्यात घालवलीत हो. आता बाहुली हातात आली ती आम्हाला बोलता यावं म्हणून. मी स्वतः बँकेत काउंटरवर आवाज चढवला तर "आजी चिडल्या" होतं. यमूआत्यानं चढवला तर माणसं ऐकतात. आमच्यातल्या एक बाई चारचौघांत तोंड उघडायच्या नाहीत, त्या रेडा चालवतात. रेड्याला एकही वाक्य नव्हतं. चौथ्या प्रयोगात रेडा अचानक म्हणाला, "चाळीस वर्षं या माणसाला पाठीवर घेऊन फिरतेय, एकदा विचारलं नाही दमलीस का." सगळे गप्प. यम चालवणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान. त्यांनी आपल्या यमाला हळूच खाली उतरवला आणि रेड्याशेजारून चालवत नेला. आता ते आमच्या नाटकात कायमचंच आहे. रेडा स्त्रीलिंगी का, हे विचारायची कुणाची हिंमत झालेली नाही.

---

चिंचोका

रेडा कॉमेंट ऑफ द इयर. +१००

---

वेंगुर्ला_बंदर

मिरजमावशी, तुमचा तिसरा प्रश्न. आमच्या सिंधुदुर्गात या. कुडाळजवळचं पिंगुळी. तिथला ठाकर समाज पिढ्यानपिढ्या हे करतो, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी. चित्रकथी म्हणजे हातानं रंगवलेली एकेक चित्रं समोर धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गायची. सावंतवाडी संस्थानानं या कलेला आसरा दिला होता. परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभं केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं.

मी शाळकरी असताना देवळात छायाबाहुल्या बघितल्या होत्या. तेलाचा दिवा मागे. वाऱ्यानं ज्योत हलली की रावण आपोआप श्वास घ्यायचा. एक म्हातारे आजोबा सगळे आवाज एकटे काढत होते, सीतेचाही. पडद्यापुढे सीता, मागे ते बोळकं तोंड. मी मागे जाऊन बघितलं आणि तरीही ती सीताच वाटत राहिली.

एक मात्र सांगतंय, राग मानू नका. हौस म्हणून आपण करतो ते आणि त्यांचं, एका माळेत घालू नका. त्यांचं पोट त्याच्यावर होतं आणि सणासुदीच्या रात्री देवळात खेळ करायचा तो त्यांचा मान होता. बघायला गेलात तर बाहुली विकत घेऊन या, नुसते फोटो काढून येऊ नका. बाकी गे बाय, येवा तुम्ही, सोलकढी पाजतंय.

---

मिरजमावशी

@वेंगुर्ला_बंदर, अजिबात राग नाही, उलट हे सांगायलाच हवं होतं. आम्ही हौशी, मान्य. मार्चमध्ये चार दिवस काढून यायचं ठरवतोय. २१ मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो असं कळलं, त्या सुमारास.

छायाबाहुल्यांवरून आठवलं. आम्हीही एक करून बघितली, पण चामडं कुठून आणणार आणि ते कमावणं आमचं काम नव्हे. मग एकानं घरचा एक्स-रेचा गठ्ठा आणला. आमच्या वयात काय कमी आणि काय जास्त असतं बघा! भंगारवाला ते किलोवर घेतो, त्यात चांदीचा अंश असतो म्हणून. आम्ही त्यातून दशानन कापला. दहा तोंडं दहा जणांच्या एक्स-रेची. खरी गंमत मागून दिवा लावल्यावर कळली. फिल्मवर हाडाचा भाग पारदर्शक असतो आणि भोवतालचं काळं. त्यामुळे पडद्यावर काळाकुट्ट रावण येतो आणि त्याच्या दहा तोंडांत कुणाचा गुडघा, कुणाचे मणके, कुणाची मांडीतली सळई लख्ख उजेडात दिसते. सळई तर चांगली ठसठशीत दिसते, कारण ती सर्वात पांढरी. मधलं तोंड आमच्या थोरल्यांच्या छातीच्या एक्स-रेचं. त्यांच्या बायकोला दिसलं की त्या म्हणतात, "ते बघ, आतून असा आहे."

साधा बल्ब पुरत नाही, जोरदार एलईडी लागतो. काळं नकोच असेल तर फिल्म ब्लीचच्या पाण्यात ठेवून पुसली की स्वच्छ काचेसारखी होते, मग रंगवता येते. हातमोजे घालून करा.

---

तिसरी_घंटा

हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काढलीत म्हणून जबड्याबद्दल. करू नका असं माझं मत. जबडा हलला की तो प्रत्येक अक्षराला बरोबर हलावा लागतो आणि सगळं लक्ष तिथेच जातं. हातमोजा बाहुलीचं तोंड बंदच बरं. ती "बोलते" मान आणि हातांनी. दोन बाहुल्या समोरासमोर असतील तर बोलणारी हलेल, ऐकणारी पूर्ण स्थिर. नवशिके दोन्ही हलवतात आणि कोण बोलतंय ते कळत नाही. स्थिर राहणं हे हलण्यापेक्षा अवघड आहे.

शब्दभ्रमाच्या (ओठ न हलवता बाहुलीच्या तोंडून बोलायच्या) वाटेला जायचं असेल तर जबडा लागेलच. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरं वैरी, कारण ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. यशवंत पाध्यांनी रंगमंचावर आणलेला अर्धवटराव आपल्या पिढीनं रामदास पाध्यांच्या हातात बघितला. त्या बोलक्या बाहुल्याची शंभरी कधीच उलटली, म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये तो सर्वात ज्येष्ठ ठरेल.

आणि मिरजमावशी, तुमच्या शेजारी सांगली आहे हे विसरू नका. १८४३ मध्ये तिथे 'सीतास्वयंवर' नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या कित्येक वर्षं पडून होत्या, रामदास पाध्यांनीच दुरुस्त करून त्यांचे खेळ केले. ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. हयातीच्या दाखल्याचाही महिना तोच. मी असतो तर तारीख दुसरी शोधलीच नसती.

---

मिरजमावशी

अय्या! हे आमच्या अकरा जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. ५ नोव्हेंबर ठरला.

---

ओसाकावासी

इथे जपानमध्ये राहतो म्हणून थोडं. ओसाकात राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृह आहे. बुनराकू म्हणजे इथलं पारंपरिक बाहुलीनाट्य. एकेक बाहुली तीन माणसं चालवतात, मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. शिकणारा पायांपासून सुरुवात करतो. दहा वर्षं पाय, दहा वर्षं डावा हात, मग कुठे डोकं, असं इथे सर्रास म्हणतात. पायवाला पूर्ण काळ्या कपड्यात वाकून असतो, त्याचं तोंडही दिसत नाही. स्त्रीपात्रांना तर बहुधा पायच नसतात. पायवाला किमोनोची खालची कड मुठींनी अशी हलवतो की बाई चालली असं वाटतं.

योशिदा मिनोसुके म्हणून मोठे कलाकार. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पुन्हा रंगमंचावर उभे राहिले आणि २०२१ मध्ये सत्याऐंशीव्या वर्षी निवृत्त झाले. मी जे प्रयोग बघितले त्यात शेजारी बसलेले बहुतेक प्रेक्षकही सत्तरीच्या पुढचे होते, डबा घेऊन आलेले. मध्यंतरात सगळं नाट्यगृह जेवतं.

तुमच्यातल्या ज्यांना एका हातानंच जमतं त्यांना ही विभागणी उपयोगी पडेल. एक बाहुली दोघांत करा.

---

अनामिक_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात गेला. बोलणं आहे पण सावकाश. हा धागा तिला वाचून दाखवला. ओसाकावासींचा प्रतिसाद ऐकल्यावर तिनं उजव्या हातानं मला खुणावलं आणि म्हणाली, "तू डावा हात हो."

सध्या आमची बाहुली म्हणजे लाकडी डाव, त्याला रुमाल गुंडाळलेला. ती डाव धरते, मी रुमालाचं टोक. काल त्या डावानं मला अर्धा तास स्वयंपाकावरून बोलून घेतलं. तेही सावकाशच, पण एकही चूक सोडली नाही.

---

सांधेमित्र

@अनामिक_वाचक, डावा हात अधूनमधून मांडीवर नीट आधार देऊन ठेवा, लोंबकळू देऊ नका. आणि रुमालाचं टोक कधीतरी त्यांच्या डाव्या मुठीतही देऊन बघा, तुमच्या हाताच्या आधारानं. त्यांच्या फिजिओंना विचारूनच.

---

चिंचोका

अवांतर: हयातीच्या दाखल्यासाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं ना? २०२१ पासून. माझ्या आजोबांचं तसंच केलं. फक्त ते डोळे मिचकवायला सांगतं आणि आजोबा दोन्ही डोळे मिटून बसले, उघडेचनात. म्हणाले, "मिचकव म्हणालं, उघड कुठे म्हणालं?"

---

पोळपाट

आमच्या काकूंचं फोटो जुळेना, कारण आधारवर दात होते आणि आता नाहीत. कवळी शोधून आणली तेव्हा त्या जिवंत ठरल्या.

---

वेंगुर्ला_बंदर

माझ्या मामांका ऐंशी झाली. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, ते त्यांना नोव्हेंबरच्या रांगेत दोन तास उभे राहिल्यावर कळलं.

---

रोखठोक_राव

सगळेच अवांतर करतायत तर मीही करतो. माझे वडील गेल्यावर त्यांचं पेन्शन बंद करायला गेलो होतो. तिथे मला सांगितलं की मृत्यूचा दाखला आणलात, पण रेकॉर्डला या वर्षीचा हयातीचा दाखला जमा नाही, तो आधी लागेल. मी उभाच राहिलो. काय बोलावं कळेना.

मावशी, तुमच्या त्या क्लार्कच्या तोंडी हे घालता येईल का बघा. मुलांसमोर चालेल.

---

मिरजमावशी

@रोखठोक_राव, घातलं. यम दुसऱ्यांदा येतो तेव्हा. आमचे थोरले वाचून बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, या माणसाला प्रयोगाला बोलवा. या.

@चिंचोका, @पोळपाट, डोळे मिचकवणं आणि कवळी, दोन्ही ढापलेत. यमूआत्याला डोळे मिटता येत नाहीत, रंगवलेले आहेत, त्यामुळे तिथेही ती नापास होते. कवळीचा एक त्रास आमच्याकडेही आहे. क्लार्कच्या कवळीतून "सिस्टीम"चा स शिट्टीसारखा येतो. आधी सुधारायचा प्रयत्न केला, आता तो शब्द मुद्दाम सात वेळा घातलाय.

---

मिरजमावशी

धागा वर काढतेय. ५ तारखेला झाला प्रयोग. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीतच, नव्वद खुर्च्या, मागे काही उभे. कोपराची फळी एक नंबर, मी पूर्ण अठरा मिनिटं बसले आणि रात्री शेक घ्यावा लागला नाही. डोकं जागेवर. लाईट मात्र रावणाच्या वेळीच गेली. अंधारात दोन मिनिटं कुणाला काही सुचेना, मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मोबाइलचा टॉर्च पडद्यामागे आणून धरला. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे दशानन पण थरथरत होता. वेंगुर्लेकर, तुमच्या तेलाच्या दिव्याची आठवण झाली.

प्रयोग संपल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. मला वाटलं कौतुक करणार. ते सरळ यमूआत्यासमोर गेले, मी हात काढलेला, ती खुर्चीवर आडवी पडलेली. तिला म्हणाले, "आमच्या शाखेत या, मी बघतो." निवृत्त बँकवाले निघाले. मी पटकन हात घालून तिला उठवली. यमूआत्या म्हणाली, "गोल शिक्का आणू की चौकोनी?" तर म्हणाले, "दोन्ही आणा, हल्ली काय सांगता येत नाही."

ते आता बुधवारी आमच्यात येतात. त्यांना रेडा हवाय, पण रेडा काही कुणी सोडायला तयार नाही.

---

अनामिक_वाचक

मावशी, एखादा लहान भोपळा उरला आहे का? आईला डावाचा कंटाळा आलाय. म्हणते याला नाक हवं.

---

मिरजमावशी

दोन आहेत. एकाचा देठ वाकडा आहे, तोच नाक म्हणून ठेव, चिकटवायला लागणार नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव, उद्या पार्सल टाकते. आत बिया आहेत, काढू नकोस. मान हलवली की वाजतात.